बंद प्लेटिंग युनिटचा प्लॉट घ्यायचा आहे: माती, सफाई आणि सरकारी सवलती (अंबड-सातपूर)

गाळा_नं_सात

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत बँकेच्या लिलावात निघालेल्या एका बंद युनिटबद्दल जाणकारांचा सल्ला हवा आहे. प्लॉट सुमारे १००० चौरस मीटर, शेड सिमेंटच्या पत्र्यांची, आत झिंक आणि हार्डक्रोमच्या (धातूवर जस्ताचा किंवा कडक क्रोमियमचा थर चढवण्याच्या) लाइन होत्या. टाक्या भंगारात गेल्या आहेत. खड्डे, नाल्या आणि मागचा ईटीपी (सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणा) तसाच आहे. कोब्यावर पिवळे-हिरवट डाग आहेत, मागे जुनी बोअर आहे. तिथे मशीनिंग आणि असेंब्ली करायचा विचार आहे.

बोली लावण्याआधी काय तपासावे, सफाईला नेमके काय करावे लागते, आणि अशा जागेसाठी सरकारकडून काही अनुदान किंवा सवलत मिळते का?

मुरूम_आणि_माती

बोलीआधी माती बघताय हे फार बरे केलेत. बहुतेक लोक शेडचे लोखंड आणि विजेचा लोड बघतात, जमीन कोणी उघडून बघत नाही.

नमुने कुठून घ्यायचे ते आधी ठरवा. १० मीटरची चौकट धरली तर तुमच्या प्लॉटवर साधारण १० जागा येतात, पण त्यावर थांबू नका. प्रदूषण सारखे पसरलेले नसते, ते ठिपक्यांत असते. म्हणून प्रत्येक टाकीच्या जागेखाली, नालीच्या सांध्यांपाशी, ईटीपीच्या कलेक्शन टाकीशेजारी, गाळ वाळवायच्या वाफ्याखाली, केमिकल स्टोअरच्या दारात आणि प्लॉटच्या सर्वांत उताराच्या कोपऱ्यात वेगळे नमुने हवेत. खोली अशी: कोब्याच्या लगेच खाली, मग ५० सेंमी, मग १ मीटर, आणि मुरूम लागेल तिथे एक.

इथे सर्वांत जास्त फसवणूक होते ती 'कंपोझिट'मध्ये. पाच ठिकाणची माती एका पिशवीत मिसळली की एका जागचे ५०० मिलिग्रॅम प्रति किलो कागदावर १०० होतात. प्रयोगशाळेला लेखी कळवा की प्रत्येक नमुना स्वतंत्र तपासायचा.

चाचण्या: हेक्साव्हॅलंट क्रोमियम (क्रोमियमचे विषारी, पाण्यासोबत हलणारे रूप), एकूण क्रोमियम, निकेल, झिंक, तांबे, कॅडमियम, शिसे, सायनाइड, पीएच, तेलाचा अंश. जॉब धुवायला ट्रायक्लोरोइथिलीनची व्हेपर डिग्रीझर (वाफेने तेल काढणारी) टाकी असेल तर तेही. हे द्रव पाण्यापेक्षा जड असते. आपल्या बेसाल्टच्या भेगांतून ते खाली उतरते आणि वरची माती स्वच्छ दाखवते.

नमुना हाताळण्याचे नियमही पाळले गेले पाहिजेत. पाण्यातले हेक्साव्हॅलंट क्रोमियम थंड ठेवून २४ तासांत तपासावे लागते. सायनाइडच्या बाटलीत कॉस्टिक घालून पीएच १२ च्या वर न्यावा लागतो. धातूंच्या बाटलीत मात्र नायट्रिक ॲसिड घालून तो २ च्या खाली आणतात. या दोन बाटल्यांची अदलाबदल झाली तर निकाल वाया जातो, शिवाय सायनाइडच्या नमुन्यात ॲसिड पडणे हे माणसाच्या जिवालाही धोक्याचे. बोअरचे पाणी घेताना आत साचलेल्या पाण्याच्या निदान तिप्पट पाणी आधी उपसून टाका. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० मानकात एकूण क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे. पाणी डोळ्यांना पिवळे दिसू लागते तोवर ती कितीतरी पट ओलांडलेली असते.

प्रयोगशाळा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेची घ्या, आणि मान्यता याच चाचणीला आहे का ते तिच्या यादीत बघा.

कागद_आधी

मातीइतकेच लिलावाच्या कागदाकडे लक्ष द्या. सरफेसी कायद्याखालचा (थकीत कर्जासाठी बँकेने तारण विकायचा) लिलाव 'जसे आहे, जिथे आहे' या अटीवर होतो. म्हणजे खड्ड्यातला गाळ आणि मागे ठेवलेली पिंपेसुद्धा तुमची.

घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत 'ऑक्युपायर' म्हणजे ज्याचा जागेवर ताबा तो, आणि कचऱ्याच्या बाबतीत कचरा ज्याच्या ताब्यात तो. ताबा घेतल्याच्या दिवसापासून तो कचरा कायद्याने तुमच्याकडे आला. कचरा आवारात साठवायची मुदत साधारण ९० दिवसांची आहे. त्यामुळे ताबा घ्यायच्या आधीच सातपूरच्या उद्योग भवनातल्या प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात लेखी कळवा: जागा बंद अवस्थेत घेत आहोत, आत अमुक इतका जुना कचरा आहे, तो अमुक पद्धतीने हलवणार आहोत. ताबा मिळाला की त्या दिवसाचा पंचनामा, तारखेसह फोटो आणि तपासणीचे निकाल त्याला जोडा. पुढे 'हे कोणी केले' असा प्रश्न आला तर हीच फाइल कामाला येते.

जुनी थकबाकीही काढून ठेवा. एमआयडीसीचे पाणी आणि हस्तांतरण शुल्क, महापालिकेची घरपट्टी, वीज. विजेबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये के. सी. निनान खटल्यात स्पष्ट केले आहे की नियमांत तशी तरतूद असेल तर नव्या खरेदीदाराला जोडणी देताना वीज कंपनी जुनी थकबाकी मागू शकते. प्लॉट ९५ वर्षांच्या लीजवर असतो, तेव्हा किती वर्षे उरली तेही बघा.

नंदिनीकाठ

मातीदादांना एक विचारायचे आहे. आपल्या काळ्या मातीत क्रोमियम नैसर्गिकच जास्त असते असे ऐकले आहे. मग रिपोर्टमध्ये आकडा मोठा आला तर तो कारखान्याचा की दगडाचा, हे ओळखायचे कसे?

मुरूम_आणि_माती

प्रश्न अगदी नेमका आहे, ताई. दख्खनच्या बेसाल्टात क्रोमियम, निकेल, तांबे, व्हॅनेडियम मुळातच भरपूर. कधीही कारखाना नसलेल्या शेतातही एकूण क्रोमियम किलोला १०० मिलिग्रॅमच्या वर निघू शकते. परदेशी तक्त्याशी तुलना करून कोणी 'जमीन दूषित' असा शिक्का मारतो, आणि कोणी उलट 'नाशिकची मातीच अशी आहे' म्हणून खरे प्रदूषण झाकतो. दोन्ही चूक.

तोडगा असा की वसाहतीबाहेरून, चढाच्या बाजूने, त्याच प्रकारच्या मातीचे तीन-चार पार्श्वभूमी नमुने घ्यायचे आणि त्यांच्याशी तुलना करायची. दुसरे, दगडातले क्रोमियम ट्रायव्हॅलंट (दुसऱ्या, स्थिर रूपातले) असते, सहसा हलत नाही. हेक्साव्हॅलंट आढळले तर ते प्लेटिंगच्या द्रावणातूनच (बाथमधून) आले असे समजा. मातीतले हेक्साव्हॅलंट मोजताना अल्कलाइन पद्धतीने काढावे लागते. ॲसिडमध्ये विरघळवले तर वाटेतच त्याचे रूप बदलते आणि आकडा खोटा कमी येतो.

आणखी एक गल्लत होते ती टीसीएलपीची, म्हणजे कचऱ्यातून आम्लयुक्त पाण्यात किती धातू झिरपतो ते मोजणाऱ्या चाचणीची. त्या चाचणीत क्रोमियमची मर्यादा लिटरला ५ मिलिग्रॅम आहे. पण ती कचरा कोणत्या वर्गात मोडतो हे ठरवते. त्या जमिनीवर माणसांनी काम करावे का, बोअरचे पाणी बिघडेल का, हे त्यातून कळत नाही. 'टीसीएलपी पास, म्हणजे जागा स्वच्छ' असे कोणी सांगितले तर ऐकू नका.

बाथ_ते_गाळ

सफाईवर सविस्तर लिहितो. क्रम चुकला तर खर्च दुप्पट होतो, आणि एका ठिकाणी तर जीवच जाऊ शकतो.

ते ठिकाण म्हणजे सायनाइड. झिंक लाइन सायनाइडची असेल तर तिचा खड्डा आणि पिकलिंगचा (ॲसिडने गंज काढायचा) खड्डा यांचे पाणी कुठल्याही कारणाने एकत्र येता कामा नये. ॲसिड लागले की हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो. बंद शेडमध्ये अनेकदा दोन्ही नाल्या पुढे एकाच चेंबरला मिळालेल्या असतात, तेव्हा आधी नाल्यांचा नकाशा काढा आणि जोड सिमेंटने बंद करा. सायनाइडचे पाणी कॉस्टिकने पीएच १०.५ च्या वर ठेवून हायपोने (सोडियम हायपोक्लोराइट) तोडायचे. पहिल्या टप्प्याला १ किलो सायनाइडमागे साधारण २.७ किलो क्लोरीन लागतो, पूर्ण तोडायला सुमारे ६.८ किलो. ते निकाली निघाल्याशिवाय दुसऱ्या कशालाही हात लावू नका. खड्ड्यात माणूस उतरवण्याआधी वायू मोजणे, वर दुसरा माणूस, दोर आणि हवा देणारा मास्क, यात तडजोड नको.

क्रोमचे साचलेले पाणी: पीएच २ ते ३, सोडियम मेटाबायसल्फाइट, १ किलो हेक्साव्हॅलंट क्रोमियमला हिशेबाने २.७५ किलो, प्रत्यक्षात ३ च्या पुढे. पिवळा रंग जाऊन हिरवट झाला की चुन्याने पीएच ८ ते ८.५. गाळ बसवून पिशवीत. हा गाळ नियमांच्या यादीत ३५.३ मध्ये येतो, रिकामी पिंपे ३३.१ मध्ये, जुने तेल ५.१ मध्ये. तिन्ही वेगवेगळे ठेवा. मिसळले तर सगळे मिळून सर्वांत महागड्या दराने जाते. वाहतूक अधिकृत वाहनातूनच, फॉर्म १० च्या मॅनिफेस्टसह (कचरा वाहतुकीचा नोंदकागद), रांजणगाव किंवा तळोजाच्या प्रकल्पाकडे.

मग कोबा. क्रोमिक ॲसिड काँक्रीटमध्ये मुरलेले असते. वरचा १०-१५ मिलिमीटर थर खरवडून काढा, खालच्या भागाचा कोअर (गोल भोक पाडून काढलेला नमुना) तपासा. वरून इपॉक्सी मारून मोकळे व्हायचा मोह होतो, पण उन्हाळ्यात ओल वर चढते, पिवळ्या क्षारांचा फुलोरा येतो आणि इपॉक्सी फुगून सुटते. फोडलेला कोबा तपासल्याशिवाय राबिट म्हणून कोणाला देऊ नका. ते कुणाच्या तरी घराच्या जोत्यात किंवा शेतरस्त्यात भर म्हणून जाते, आणि तिथे त्याचा माग कोणी काढू शकत नाही.

आता माती. उदाहरण घेऊ: लाइनखालचा १० × ६ मीटरचा पट्टा, १ मीटर खोल. ६० घनमीटर, म्हणजे सुमारे १०० टन. हेक्साव्हॅलंट क्रोमियम सरासरी ४०० मिलिग्रॅम प्रति किलो असेल तर एकूण ४० किलो. हिराकस (फेरस सल्फेट) हिशेबाने १ किलोला १६ किलो लागते, म्हणजे ६४० किलो. पण हवेतला ऑक्सिजन आणि मातीतले बाकी घटकही ते खातात, म्हणून तिप्पट धरा, जवळपास २ टन. १०० टन माती उचलून न्यायची वाहतूक आणि प्रकल्पाचे शुल्क यांच्याशी हे ताडून बघा. अनेकदा सर्वांत वाईट १०-१५ टन पाठवून बाकीची जागेवर सुधारणे परवडते. पण तसा आराखडा मंडळाला आधी दाखवून मगच काम सुरू करायचे.

पद्धत: जाड एचडीपीई (प्लॅस्टिकच्या) कागदावर २०-२५ सेंमीचे थर, त्यावर हिराकसाचे ताजे द्रावण, मग चांगले मिसळणे, ओल टिकवणे, दोन आठवड्यांनी पुन्हा नमुने. फसते कुठे? काळ्या मातीच्या ढेकळांत. बाहेरून भिजते, आतून पिवळे राहते. जेसीबीच्या बकेटने मिसळ होत नाही, शेतीचा रोटाव्हेटर फिरवावा लागतो. द्रावण आदल्या दिवशी करून ठेवले की ते गंजासारखे तांबूस होते आणि मग त्यात दम राहत नाही. हिराकसाने माती आंबट होते, त्याने झिंक-निकेल हलू लागतात, म्हणून शेवटी थोडा चुना लागतो. पण सल्फेट, चुना आणि चिकणमाती एकत्र आले की एट्रिंजाइट नावाचे फुगणारे स्फटिक तयार होऊन जमीन फुगते, फरशी वर उचलली जाते. सुधारलेली माती पायाखाली किंवा मशीनच्या फाउंडेशनखाली अजिबात नको. जवळच्या काँक्रीटला सल्फेटरोधक किंवा स्लॅग सिमेंट वापरा.

खड्डा भरण्याआधी तळाचे आणि चारही भिंतींचे नमुने घ्या. निकाल हाती येईपर्यंत खड्डा उघडाच ठेवायचा.

नंदिनीकाठ

आणि हे सगळे पावसाळ्याच्या बाहेर. जूनमध्ये उघडा खड्डा म्हणजे पिवळ्या पाण्याचे तळे. मग कोणीतरी पंप लावून ते रस्त्याकडेच्या गटारात सोडतो, तिथून नाला, नंदिनी नदी, आणि पुढे गोदावरी. नोव्हेंबर ते मे एवढाच काळ धरा, तरीही अवकाळीसाठी ताडपत्री आणि निदान ५ हजार लिटरच्या दोन टाक्या जागेवर असू द्या. कोरड्या दिवसांत धुळीचे बघा: माती ओली ठेवणे, हायवा झाकून नेणे, गेटवर चाके धुणे. हेक्साव्हॅलंट क्रोमियमची धूळ फुफ्फुसात जाणे हे कर्करोगाचे सिद्ध कारण आहे. शेजारच्या गाळ्यांत माणसे काम करत असतात.

योजना_वाचक

सवलतींचे सांगतो. आज महाराष्ट्रात 'दूषित औद्योगिक जागा स्वच्छ केली म्हणून एवढे पैसे' अशी सरळ योजना एकट्या खरेदीदाराच्या हाती पडत नाही. तुकडे जुळवावे लागतात, आणि प्रत्येक तुकड्याची वेळ वेगळी.

राज्याच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेचा मुख्य लाभ राज्य जीएसटीच्या परताव्याशी जोडलेला आहे. म्हणजे उत्पादन सुरू झाल्यावर पैसा येतो, सफाईचा खर्च मात्र उत्पादनाच्या आधी होतो. शिवाय मागास तालुक्यांना जास्त आणि विकसित तालुक्यांना कमी अशी तिची रचना आहे. परिणाम असा की सिन्नर-दिंडोरीकडे नवी जमीन घेणाऱ्याचे पारडे जड, आणि रस्ता, पाणी, वीज सगळे तयार असलेला सातपूर-अंबडचा बंद प्लॉट पडून. तरी गुंतवणूक करण्याआधी जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन कोणता खर्च पात्र भांडवलात बसतो ते लेखी घ्या. नंतर विचारले तर उपयोग नाही.

केंद्राच्या सूक्ष्म-लघु उद्योग क्लस्टर योजनेत सामायिक सुविधा केंद्राला ५ ते १० कोटींच्या प्रकल्पासाठी ७० टक्के, १० ते ३० कोटींसाठी ६० टक्के अनुदानाची तरतूद २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत आहे. प्लेटिंगवाल्यांनी मिळून सामायिक प्रक्रिया केंद्र उभारायला ती उपयोगी. एका प्लॉटची माती त्यात बसत नाही.

तिसरा भाग म्हणजे जुलै २०२५ मध्ये अधिसूचित झालेले दूषित स्थळ व्यवस्थापन नियम. जिल्हा प्रशासनाने संशयित जागांची यादी सहामाही द्यायची, मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, मग सविस्तर सर्वेक्षण, दूषित ठरल्यास जागा जाहीर करून निर्बंध, आणि जबाबदार व्यक्तीचा शोध. खर्च जबाबदार व्यक्तीचा. ती सापडली नाही किंवा तिची ऐपतच नसेल तरच केंद्र-राज्याचा पैसा.

बाहेर हे कसे चालते ते बघण्यासारखे आहे. अमेरिकेत २००२ च्या कायद्याने खरेदीआधी नीट चौकशी करणाऱ्या निर्दोष खरेदीदाराला जुन्या प्रदूषणाच्या दायित्वातून संरक्षण दिले, आणि त्या चौकशीचे महत्त्वाचे भाग खरेदीच्या आधीच्या १८० दिवसांतलेच चालतात. सफाईचे अनुदान प्रदूषण करणाऱ्याला मिळत नाही. २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्यात अशा जागांच्या सफाई कार्यक्रमाला १.५ अब्ज डॉलर दिले गेले. ब्रिटनमध्ये २००१ पासून कंपनीला दूषित जमीन स्वच्छ करण्याच्या पात्र खर्चावर १५० टक्के करवजावट मिळते, तीही प्रदूषण स्वतः केलेले नसेल तरच. दोन्हीकडे पैसा तपासणी आणि सफाईला बांधलेला आहे. आपल्याकडे तो यंत्र आणि इमारतीला बांधलेला आहे, आणि अडचण नेमकी तिथे आहे.

कागद_आधी

योजनावाचक, सहमत, पण एक धोका. अनुदान नुसते खरेदीदाराला दिले तर लिलावाची किंमत तेवढीच वर चढते. पैसा शेवटी बँकेकडे आणि जुन्या कर्जदाराच्या खात्यात जातो, ज्याने गाळ पुरला त्याचेच कर्ज फिटते. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या बिछडी (राजस्थानातले रसायनांनी दूषित झालेले गाव) निकालापासून 'प्रदूषण करणाऱ्याने भरावे' हे तत्त्व आपल्याकडे ठाम आहे, ते अशाने उलटे होईल.

म्हणून पहिली पायरी अशी हवी: बँकेने लिलावाच्या नोटिशीसोबत मातीचा अहवाल जोडायचा. मग सफाईचा खर्च बोलीतूनच वजा होतो आणि भार जिथला तिथे राहतो. सार्वजनिक पैसा फक्त तिथे, जिथे सफाईचा खर्च जमिनीच्या किमतीपेक्षा जास्त आहे आणि कोणी बोलीच लावत नाही.

योजना_वाचक

मान्य. त्यात एमआयडीसी सर्वांत जास्त करू शकते, कारण ती जमिनीची मालक आहे. लीज हस्तांतर करताना किंवा प्लॉट परत घेताना माती-पाण्याचा अहवाल मागणे तिच्या हातात आहे. हस्तांतरण शुल्कातून सफाईची तपासलेली बिले वळती करायची, महापालिकेने ठरावीक वर्षे घरपट्टीत सूट द्यायची, तीही खड्ड्याच्या तळाचा नमुना पास झाल्यावरच. निमा आणि आयमा या इथल्या दोन्ही उद्योजक संघटनांनी मिळून ही मागणी लावून धरावी. नवीन जमीन संपादन करण्यापेक्षा हे स्वस्त पडेल असे माझे ठाम मत आहे.

शेड_रिकामी

एवढे खोदण्यापेक्षा वर आरसीसी टाकून बंद केले तर? मशीन शॉपच करायचे आहे, कोणी माती खाणार नाही.

मुरूम_आणि_माती

आवरण हा मान्य उपाय आहे, पण त्याच्या अटी आहेत. पाणी खालून लागत नसेल, पावसाचे पाणी आत जात नसेल आणि द्रवरूप स्रोत आधी काढून टाकला असेल तर. नुसता आरसीसी ओल अडवत नाही. त्याखाली खडीचा थर हवा म्हणजे ओल वर चढत नाही, त्यावर एचडीपीईचा पडदा, आणि भोवती पावसाच्या पाण्याची पक्की नाली. बोअर वापरातून काढून सिमेंट ग्राउटने बुजवायची, कारण तीच वरची घाण खोल भेगांत नेणारी सरळ वाट असते. नंतर कोणी केबलसाठी चर खोदला तर काय, याची नोंद प्लॉटच्या कागदांत राहिली पाहिजे. बोअरच्या पाण्यात आजच क्रोमियम असेल तर आवरणाचा विचार सोडा.

ट्रायक्लोरोइथिलीन निघाले तरीही सोडा. त्याची वाफ फरशीच्या फटींतून वर येते.

गाळा_नं_सात

सर्वांचे मनापासून आभार. दोन गोष्टी राहिल्या. बँक बोलीआधी खोदू देईल का? आणि पुढे कधी ही जागा निवासी करून विकता येईल का?

कागद_आधी

नोटिशीत पाहणीची तारीख असते. त्याआधी अधिकृत अधिकाऱ्याला पत्र द्या: स्वखर्चाने सहा ठिकाणी हाताच्या ऑगरने (माती काढायच्या गिरमिटाने) नमुने घेणार, भोके बुजवून देणार, अहवालाची प्रत बँकेला देणार. नकार आला तर तो लेखी घ्या आणि मातीचा सर्वांत वाईट अंदाज धरूनच बोली ठरवा.

निवासीचे डोक्यातून काढा. एमआयडीसीच्या हद्दीत तिचेच नियम चालतात. बाहेरच्या औद्योगिक क्षेत्रात वापरबदलाची वाट आहे, पण बंद कारखान्याला कामगारांची देणी भागवल्याचे कामगार आयुक्तांचे ना-हरकत पत्र लागते, आणि लहान मुले खेळणार त्या मातीचा निकष कारखान्यापेक्षा कितीतरी कडक असतो.

बाथ_ते_गाळ

बोलीच्या हिशेबात ही कामे वेगवेगळ्या ओळींत धरा: द्रव आणि गाळ, कोबा, माती, सिमेंटचे पत्रे, आणि नंतरची देखरेख. पत्रे ॲसबेस्टॉसचे असतील तर ओले करून, न फोडता, अख्खे उतरवायचे आणि गुंडाळून पाठवायचे. जुना ट्रान्सफॉर्मर असेल तर त्याच्या तेलात पीसीबी (पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल हे विषारी रसायन) आहे का तपासा. २०१६ च्या आदेशानुसार पीसीबी असलेली उपकरणे वापरायची मुदत ३१ डिसेंबर २०२५ ला संपली आहे.

देखरेखीला उताराच्या बाजूला एक आणि चढाच्या बाजूला एक अशा दोन निरीक्षण बोअर पुरतात. पावसाळ्यापूर्वी एकदा आणि नंतर एकदा, निदान दोन वर्षे पाणी तपासा. पावसाळ्यानंतर आकडा उसळला तर स्रोत अजून कुठेतरी शिल्लक आहे. तेव्हा आधी नालीखालची ती जागा उघडा जिथे नमुना घ्यायचा राहिला होता.